कोळधारेवरचा ऑरेंज अलर्ट

कोळधारेच्या कड्यावर गिधाडाचं एक पिल्लू वाढत होतं. त्याचा फोटो मिळाला, तर डोंगर पोखरणाऱ्या दगडखाणीला हरकत घेता येणार होती. त्यासाठीच मे महिन्यातल्या त्या सकाळी प्रतिभा आपल्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांबरोबर, कुंदन सरांबरोबर, नाशिकहून निघाली. पायथ्याच्या पाड्यावरून वाटाड्या भिमाजी सोबत आला.

निघताना यलो अलर्ट होता. म्हणजे हवामानावर लक्ष ठेवा, एवढंच. घसरता मुरूम तुडवत, करवंदीच्या जाळ्यांत अंग ओरबाडून घेत ते तीन तासांनी माथ्यावर पोहोचले, तेव्हा पश्चिमेला फुलकोबीसारखे ढग चढत होते आणि त्यांचे तळ काळेनिळे पडले होते. प्रतिभाचा मोबाईल वाजला. ऑरेंज. पुढच्या तीन तासांत विजा, गारा, ताशी साठ किलोमीटरचा वारा.

"सर, उतरू या."

"रेड तर नाही ना? वीस मिनिटांचं काम आहे."

भिमाजीने तिलाच विचारलं, "ताई, काय म्हनतोय मोबाईल?"

सर तिच्याकडे रोखून पाहत होते.

"तयारीत राहा म्हणतोय," ती म्हणाली.

ऑरेंजचा अर्थ तोच होता; विजा-गारांचं मात्र तिने सांगितलं नाही. भिमाजीने दोर कमरेला घट्ट आवळला आणि पुढे झाला.

वीज चमकली. प्रतिभाने आकडे मोजले. अकराला गडगडाट. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज आपल्यावरही पडू शकते, हे ती वर्गात शिकवत असे. "मागे फिरा!" वाऱ्याने तिचे शब्द उडवून नेले. गारा आल्या. टपोऱ्या, सणसणीत! पुन्हा लख्ख. या वेळी तीनच आकडे! घरटं दहा पावलांवर होतं, तरी सर वळले; ट्रायपॉड त्यांनी तिथेच टाकला. भिमाजी खडकाला अडकवलेला दोर सोडवायला मागे राहिला.

पांढरा उजेड. कानठळ्या. भिमाजी आडवा!

श्वास नव्हता. ती त्याची छाती दाबत राहिली आणि सर रडत आकडे मोजत राहिले. किती वेळाने कोण जाणे, भिमाजी खोकला. आळीपाळीने पाठीवर घेऊन त्यांनी त्याला खाली आणलं.

तो वाचला. उजवा कान मात्र कायमचा गेला. फोटो मिळाला नाही.

दवाखान्यात त्याच्या बायकोने, नवसाबाईने, विचारलं, "मोबाईलवर आलं व्हतं?"

"आलं होतं."

"तुमाला कळलं व्हतं?"

"हो."

"मंग यांना नीट का नाय सांगितलं?"

प्रतिभाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. नवसाबाईने तो बाजूला केला आणि नवऱ्याच्या डाव्या कानाशी वाकून विचारलं, "पानी देऊ?"