उजव्या हाताचा ग्लोव्ह

नगरच्या एका दुकानात वृषाली हेल्मेटची काच बदलायला शिरली. पैसे देताना काउंटरमागच्या तरुणाला तिचा तळहात दिसला.

“खडीवर पडलात?”

तिनं मूठ मिटली. “मिरजगावच्या अलीकडं. तुम्हाला काय करायचंय?”

“ग्लोव्ह्ज विकायचेत.”

तिला हसू आलं.

कर्जतच्या एका लॅबसाठी ती मोटारसायकलवर गावोगाव फिरून रक्ताचे नमुने आणायची. पडल्यावर पंधरा दिवस सुई धरता आली नव्हती. पुन्हा पडलीस तर गाडी विकायची, असं आईनं बजावलं होतं.

“नऊशेच्या वर जाणार नाही,” तिनं सांगून टाकलं आणि गुलाबी जोडी उचलली.

“ती उन्हापुरती. पडताना माणूस आधी तळवा टेकतो. तिथं जाड चामडं पाहिजे, मनगटाजवळ ही टणक चकती पाहिजे. साडेआठशेत बसतंय. मी सोता हेच वापरतो.” त्यानं आपली जोडी काउंटरवर टाकली आणि खोक्यातून तिच्या मापाची काढली. “घाला. पट्टा आवळा. आता मी ओढतो. इथं निघाला तर रस्त्यावरबी निघणार.”

त्यानं तिच्या बोटांची टोकं धरून ओढलं. ग्लोव्ह निघाला नाही. बोटं सोडायला मात्र त्याला जरा उशीर झाला...

“झाली परीक्षा?”

“झाली.” कानापर्यंत लाल होत त्यानं घाईघाईनं पिशवी भरली.

घरी पिशवी उघडली, तर डावा कोरा करकरीत. उजवा वापरलेला, मोठा, पेट्रोलचा वास येणारा. तिनं बिलावरच्या नंबरवर फोन लावला.

“भागवत बोलतोय.”

“जुना माल खपवता होय?”

तो गडबडला. “आठ वर्षांत पहिल्यांदा चुकलो. माप बघायचं सोडून मी...”

“काय बघत होता?”

त्यानं घाईनं विषय बदलला. “उद्या रविवार हाय. पत्ता सांगा, आणून देतो.”

सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. भागवतच्या डाव्या हातात ग्लोव्ह होता; उजवा हात उघडा, वाऱ्यानं गारठलेला. वृषालीच्या लक्षात आलं आणि ती संतापली.

“तुमचा घेऊन बसले मी, म्हणून सत्तर किलोमीटर असे आलात? पडला असता म्हणजे?”

“पडलो न्हाई ना.” त्यानं खिशातून तिचा ग्लोव्ह काढून दिला. “एसटीनं येता आलं असतं... पण मग परत जायची घाई झाली असती.”

“कोण आलंय गं?” आतून आईचा आवाज.

“माझी गाडी वाचवणारे!” वृषाली ओरडली. मग त्याचा ग्लोव्ह त्याच्या हातात चढवून तिनं पट्टा आवळला. “थांबा. आता मी ओढते.”

तिनं ओढलं. निघाला नाही.

“दर रविवारी तपासत जाल?” त्यानं हळूच विचारलं.

“एक रविवार तुम्ही यायचं, एक मी.” तिनं त्याची बोटं अजून सोडली नव्हती. “आधी आत चला. आईला चहा दोन कप जास्त टाकायला सांगते—लवकर संपायला नको.”