मी थांबते, हात धुऊन या

"इथे कोणाला जुलाब होतायत?"

चादरीच्या पलीकडून एका पुरुषाने हे विचारलं, आणि अशी आमची ओळख झाली.

पूर आल्यापासून आम्ही शाळेच्या एका वर्गात राहत होतो. अर्ध्या वर्गात बाबा आणि मी, उरलेल्या अर्ध्यात शेजारची मावशी, तिची लेक आणि लहानगी नात. मध्ये दोरीवर टाकलेली चादर. फळ्यावर कुठल्या तरी गणिताचं अर्धंच उत्तर राहिलं होतं, ते पुसायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मी चादर बाजूला केली. गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात हेडफोन, हातात मीठ-साखरेच्या पुड्यांची पिशवी... आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"नाही," मी म्हटलं.

"उलट्या?"

"नाहीत."

"लाजू नका हो. पुरात सगळ्यांचंच होतं."

"मी लाजत नाहीये. मला काही होतच नाहीये."

"घेऊन ठेव ग पुड्या," मावशी पलीकडून म्हणाली. "आज नाही तर उद्या होईल."

तो गोंधळला. त्याने मोबाईल पुढे केला. "हा नंबर तुमचाच ना? सकाळपासून यावरून इतके मिस्ड कॉल आलेत, मला वाटलं घरातले सगळे आडवे झाले."

शिबिराच्या भिंती-भिंतींवर एक नंबर रंगवलेला होता. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत. जरा वेळाने तिकडून फोन येतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो — पाणी कसं शुद्ध करायचं, मुलाला जुलाब झाले तर काय पाजायचं. ती लाइन चालवणारा तो हा. सगळे त्याला फोनवाला म्हणायचे.

"मला तो आवाज ऐकायचा असतो," मी म्हटलं.

"असं होय!" तो एकदम खुलला. "आवडतोच तो सगळ्यांना. आमच्या नर्सबाई. मागच्या साथीत रेकॉर्ड केला होता आम्ही. काय बाई आहे! बोलता बोलता थांबल्या आणि मला म्हणाल्या, तू आधी हात धुऊन ये. नवे निरोपही त्यांच्याकडूनच करून घ्यायचेत, पण त्यांचा फोन लागत नाहीये."

"ती माझी आई."

एवढंच बोलता आलं. त्यापुढे एक 'होती' लागायला हवं होतं, ते तोंडातून निघेना.

"काय सांगता! मग त्यांना माझा एक निरोप —"

"फोनवाल्या," मावशी म्हणाली, "गप बस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून हसू असं उतरलं की मलाच त्याची दया आली.

"दवाखान्यात पाणी शिरलं तेव्हा ती आतच होती," मावशीने हळू सांगितलं.

तो दारातच बसला. वाईट वाटलं, देवाची इच्छा, असलं काही बोलला नाही. पिशवीच्या बंदाला गाठ मारत राहिला आणि सोडत राहिला. मग म्हणाला, "मी रोज सकाळी लाइन तपासतो. आजही... आजही ऐकलं मी त्यांना."

मला कळत होतं. पहिल्यांदा तो आवाज मी पाण्याच्या रांगेत ऐकला होता. पुढच्या बाईने फोन स्पीकरवर टाकला, आणि माझी आई म्हणाली, "ऐकताय ना?" हातातला हंडा कधी सुटला ते मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

"आज जुलाब?"

"अजून नाहीत. तुम्ही वाट बघताय का?"

"ड्यूटी आहे माझी."

"रोज एकाच वर्गात?"

"या वर्गाचा नंबर संशयास्पद आहे," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्या लाल करून पुड्या मोजल्यासारखं करू लागला.

मग तो येतच राहिला. कधी टॉर्चचे सेल, कधी बाबांसाठी वर्तमानपत्र. मी चहा द्यायचे, तो गार होईपर्यंत पुरवून प्यायचा. दुसऱ्या गावात त्याची आई आहे, ती त्याला फोनवर सारखी विचारते की तू फोनवर नक्की करतोस काय... असलं काहीबाही सांगायचा. आणि आईच्या निरोपाची गोष्ट तर मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. निरोपाच्या मधोमध आई म्हणते, 'आता हात धुऊन या, मी थांबते,' आणि खरंच थांबते. लाइन रिकामी राहते.

"मी म्हटलं, बाई, फोनवर असं चालत नाही, लोक कट करतात. त्या म्हणाल्या, सांगून मोकळं व्हायला मी काय भिंतीवरची पाटी आहे?" तो हसला. "आणि लोक कट करत नाहीत. फोन तसाच ठेवून नळाकडे पळतात. मी पाहिलंय."

त्या वेळी तो माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेरच्या नळाकडे बघत राहिले. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

आणि मग मावशीची नात आजारी पडली.

दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. डॉक्टर येऊन गेले, पुड्यांचं पाणी चमच्याने पाजायला सांगून गेले. मी चमचा धरला होता. फोनवाला धावतच आला.

"पाण्यात क्लोरिनच्या गोळ्या टाकता ना मावशी?"

"टाकते की."

"बादलीला किती?"

"एक. नर्सबाई सांगते तेवढी. एक बादली, एक गोळी."

तो पांढरा पडला. "मावशी, त्या गोळ्या संपल्या. परवापासून दुसरीकडच्या देतायत, त्या निम्म्या ताकदीच्या आहेत. दोन टाकायच्या. मलाच आज सकाळी कळलं."

"तुझं कोण ऐकतंय?" मावशी फणकारली. "सकाळी फोन लावला तर बाईच्या जागी तूच बडबडत होतास. दोन टाका, दोन टाका. गोळ्या खपवायच्या असतील तुला. बाई एक म्हणाली म्हणजे एक."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. आईचा आवाज लाइनवरून गेला होता. आणि तो आवाज जाण्याआधीचे दोन दिवस, माझी आई, जिने कधी कोणाला चुकीचं औषध दिलं नाही, ती या पोरीला आजारी पाडत होती.

"तुम्ही तो काढलात," मी त्याला बाहेर गाठून म्हटलं. "मला विचारलंही नाहीत."

"नाही विचारलं." त्याने नजर चुकवली नाही. "विचारत बसलो असतो तर आणखी बादल्या भरल्या असत्या. बाईंनी मला उभं केलं नसतं दारात."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

"लोक माझा आवाज कट करतात," तो म्हणाला. "तुमचा करणार नाहीत. तुम्ही बोलता ना... अगदी त्याच वाटता."

"मी आई व्हायचं? लोकांना फसवायचं?"

"नाही. तुम्ही तुम्हीच व्हायचं."

"म्हणजे मला ते सांगावं लागेल."

"हो," तो हळूच म्हणाला. "सांगावं लागेल."

शाळेच्या खेळांच्या खोलीत गाद्या उभ्या करून त्याने रेकॉर्डिंगची जागा केली होती. आत दोघेच मावत होतो, तेही गुडघ्याला गुडघा लागून. त्याने हेडफोन चढवले आणि मान हलवली.

"ऐकताय ना?" मी म्हटलं, आणि दचकले. माझ्या तोंडातून आई बोलली होती. समोर त्याचेही डोळे भरून आले होते... पण त्याने मशीन बंद केलं नाही.

"मी नर्सबाई नाही. त्यांची मुलगी बोलतेय. माझी आई..." गादीचा उसवलेला टाका दिसत होता, त्याच्याकडे बघत मी म्हटलं, "माझी आई पुरात गेली. तिने सांगितलं होतं, एक बादली, एक गोळी. जुन्या गोळ्यांना ते बरोबर होतं. आता गोळ्या बदलल्यात. एका बादलीला दोन टाका. ती असती तर तिनेच सांगितलं असतं. आता हात धुऊन या. मी थांबते."

आणि मी थांबले. 'आई गेली' हे शब्द पहिल्यांदा उच्चारले होते मी. इतके दिवस बाबांना नाही, मावशीला नाही, कोणालाच नाही. रडू आलं ते आवाज न करता आलं. त्याने मला हात लावला नाही. आपला रुमाल गुडघ्यावरून माझ्या गुडघ्यावर सरकवला, आणि मशीन चालूच ठेवलं.

"यातली किती शांतता ठेवू?" नंतर त्याने विचारलं.

"हात धुण्यापुरती."

"बाईंचा निरोप आहे माझ्याकडे. तुमच्या फोनमध्ये टाकून देऊ?"

"आत्ता नको," मी म्हटलं. "पण हरवू नका."

दुसऱ्या दिवशी वर्गा-वर्गांतून फोन वाजले, आणि थोड्या वेळाने नळापाशी गर्दी झाली. मावशीने माझ्याकडे न बघता बादलीत एक गोळी टाकली, मग आणखी एक. तिची नात उठून बसली होती आणि चमचा नको म्हणून भांडत होती. बाबा भिंतीकडून इकडे वळले. "ऐकला मी," एवढंच म्हणाले, आणि माझा हात धरून ठेवला.

संध्याकाळी सवयीने मी मिस्ड कॉल दिला. फोन आला. "ऐकताय ना?" मीच मला विचारलं. मी पटकन कट केला. आता तिथे आई नव्हती, हे तेव्हा खरं कळलं.

फोन पुन्हा वाजला. नंबर अनोळखी होता.

"इथे कोणाला काही होतंय का?"

मला हसू आलं, त्याचंच नवल वाटलं. "कुठून बोलताय?"

"नळापासून. तूच पाठवलंस ना हात धुवायला."

तू. ते त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण मधेच नळाचा आवाज बंद झाला.

"शिबिर उठेल," तो म्हणाला. "लाइनही बंद होईल. हा नंबर माझा आहे. याला मशीन नाही. यावर मिस्ड कॉल दिलास तर... मी करेन फोन. जुलाब असोत नसोत. जन्मभर करेन, तुला चालणार असेल तर."

मी खिडकीशी गेले. तो पाठमोरा उभा होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातातून पाणी ठिबकतंय.

"मला आत्ता काही... काहीच बोलता येत नाहीये," मी म्हटलं.

"नको बोलूस," तो म्हणाला. "मी थांबतो."

आणि लाइन रिकामी झाली. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी फोन कट केला नाही.