पुठ्ठ्याचा माणूस

आमच्या गॅरेजात वडिलांपासूनची एक पद्धत आहे. जुन्या छोट्या गाडीची बैठक बदलायची असली, की गिऱ्हाइकाला भिंतीशी बसवायचं, त्याची कडेची आकृती पुठ्ठ्यावर आखायची, कापायची आणि ती गाडीत ठेवायची. माणूस चुळबुळ करतो, पुठ्ठा करत नाही. पुठ्ठा जिथे अडेल तिथे गाडी कापायची.

यंदा गिऱ्हाईक म्हणजे माझा थोरला भाऊच. पायांतली ताकद गेल्यापासून दोन वर्षं खोलीत पडून. त्याच्यासाठी मी साठ वर्षांपूर्वीची तीनचाकी मिळवली होती. समोरून उघडणारं दार, आत जेमतेम दोघांची बैठक. ब्रेक हातावर आणायचा, इंजिन काढून बॅटरीवरची मोटर घालायची, असे माझे बेत. दादा एकदा गल्लीबाहेर जाऊन आला, की मी सुटलो. पण मीही साठीला टेकलेला, कंबर कधीच कामातून गेलेली.

दादाच्या पुठ्ठ्याचं डोकं छताला चार बोटं अडलं. बैठक खाली घ्यायची तर खालची पट्टी कापून पुन्हा वेल्ड करणं आलं. इतका कंटाळा आला होता म्हणून सांगू! कात्री हातातच होती. मी गाडीऐवजी पुठ्ठा कापला. उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते पार विसरून दादाला उचलून आत बसवलं. डोकं छताला लागलंच नाही.

"काय मापात बसवलंस रे!" दादा खूश.

म्हटलं, आखतानाच चुकलो असणार.

मग ब्रेकचा दांडा पुठ्ठ्याच्या गुडघ्याला घासायला लागला. मी गुडघा बोटभर छाटला. मुद्दाम. खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भावोजी, यांच्या सगळ्या पँटी लांब व्हायला लागल्यात. दुमडून दुमडून हात दुखले माझे."

मी तसाच गॅरेजात धावलो. कापलेले तुकडे शोधले, तर ते कचऱ्याबरोबर जळून गेलेले. नवा, मोठा पुठ्ठा कापून गाडीत ठेवला. चार दिवस थांबलो. पँटी लांबच राहिल्या.

शेवटी दादाला सगळं सांगितलं. सांगताना रडलोच मी.

"दोन वर्षं छत बघतोय," तो म्हणाला. "चार बोटांचं काय घेऊन बसलास?"

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गल्लीबाहेर गेला. तासाने परतला तेव्हा उन्हाने चेहरा लाल झालेला. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"एक काम राहिलं," तो म्हणाला. "एकट्याला करमत नाही. शेजारी ही हवी."

"दादा, त्या बाजूला पायांच्या जागेत बॅटरी आहे. वहिनीचे पाय मावायचे नाहीत."

"सांगितलंय तिला."

मी वळून पाहिलं.

वहिनी भिंतीशी, कोऱ्या पुठ्ठ्याला टेकून बसली होती. चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

"आखा, भावोजी," ती म्हणाली. "कात्रीला सकाळीच धार लावून आणलीय मी."