सहा वितींचा पाईप

या पोरांनो, आत या. टायरवर बसा, बाकावर बसा, फक्त त्या ग्रीसच्या डब्यावर बसू नका. चड्डीवर डाग घेऊन घरी गेलात की तुमच्या आया माझ्यावर चालून येतात. आज तुम्हाला चंद्रावरच्या वांग्यांची गोष्ट सांगतो. पटली नाही तर तिथंच थांबवा मला.

चंद्रावर वस्ती उभी राहिली तेव्हा नळ, पंप, दारं सांभाळायला एक मिस्त्री लागत होता. मी गेलो. सोबत एक यंत्रमानव होता, ओढायला-लोटायला. चाकांवर फिरायचा. त्याचं खरं नाव आकड्यांचं, कुणाच्या ध्यानात राहतंय? आम्ही त्याला ढकल्या म्हणायचो.

वस्तीत एका मोठ्या घुमटाखाली बाग होती. बाग बघायच्या उज्ज्वलाबाई, आणि त्यांची पोरगी कस्तुरी तुमच्याच वयाची. तिचा स्वतःचा एक वाफा होता, वांग्यांचा. बी मी नेलेलं, आपल्या कृष्णाकाठचं. चंद्रावरची पहिली वांगी! अंगठ्याएवढी झाली होती. वाफ्याला पाणी देताना पोरगी वांग्यांशी बोलायची, आणि मी मनातल्या मनात शेंगदाण्याचं कूट भरायचो.

आता चंद्रावरची रात्र म्हणजे आपले चौदा दिवस. सूर्य बुडाला की गारठा असा पडतो की विचारू नका. म्हणून दिवसा टाकीत पाणी तापवून ठेवायचं, आणि सूर्य बुडायच्या आधी ते वाफ्यांखालच्या नळ्यांतून सोडायचं. त्याला एक कॉक (पाणी सोडायची चावी) होता. बागेच्या मधल्या चौकात जमिनीतून वर आलेला, डोक्याला चौकोनी दांडा. त्याला पाना लावायचा आणि गोल फिरवायचा. एवढं सोपं.

तर एके दिवशी सूर्य टेकायला आला, आणि कॉक फिरेना.

चंद्रावरची धूळ फार वाईट. कुटलेल्या काचेसारखी टोकदार. बुटांना चिकटून आत येते आणि कॉकच्या आट्यांत, म्हणजे पेचाच्या खाचांत, जाऊन बसते. मी तेल सोडलं, बारीक टकटक केली. ढिम्म. तापवावा तर आतलं रबर वितळलं असतं.

"चाचा, होईल ना?" कस्तुरीनं विचारलं.

"आयुष्य गेलं माझं नट काढण्यात," म्हटलं. "बाजूला सर, आणि बघ."

बाह्या वर केल्या, बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. हे तुम्हीही लक्षात ठेवा, अंगठी घालून पाना धरायचा नाही, अडकली तर बोट सोलून निघतं. पाना दांड्यावर गच्च बसलाय का बघितला. ढिला पाना कोपरे खातो. मग पाय रोवले आणि पाना आपल्याकडे ओढला. ओढायचाच, लोटायचा नाही. लोटताना सटकला तर मुठीचं कातडं जातं.

ओढला, आणि कॉक तिथंच, मी मात्र सरकलो! पाय घसरले आणि सरळ टोमॅटोच्या वाफ्यात. पण चंद्रावर माणूस सावकाश पडतो. पडता पडता कुठं पडावं याचा विचार करायला वेळ मिळतो. तरी टोमॅटोतच पडलो.

कस्तुरी पोट धरून हसली. "चाचा, दोन टोमॅटो गेले!"

"हसतीस काय? ए ढकल्या, ये रे!"

ढकल्या आला, पाना धरला, जोर लावला. त्याची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखी. इकडं चिखल तर नव्हता, कोरडी ठणठणीत फरशी.

"पकड अपुरी आहे," ढकल्या म्हणाला.

"ते दिसतंय मला. का अपुरी आहे?"

"वजन कमी आहे."

इथं नीट ऐका. वजन म्हणजे काय? खालची जमीन आपल्याला किती ओढून धरते, ते. त्याला म्हणतात गुरुत्वाकर्षण (जमिनीची ओढ). चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढी. माझ्या दंडातली ताकद होती तेवढीच होती. पण माझे पाय जमिनीवर दाबले जात नव्हते. दाब नाही तर घर्षण (दोन वस्तू एकमेकींना घासताना होणारी अडवणूक) नाही, आणि घर्षण नाही तर पाय ठरत नाही. पाय ठरला नाही तर हातातल्या ताकदीचं काय लोणचं घालायचंय?

टेकू घ्यावा म्हटलं तर वाफ्यांच्या कडा पातळ पत्र्याच्या. पाय दिला की वाकल्या असत्या. उज्ज्वलाबाई घडीघडी घुमटातून बाहेर बघत होत्या. सावल्या लांबत चालल्या होत्या.

"मिस्त्री, नाही उघडला तर सगळी बाग जाईल हो," त्या म्हणाल्या.

कस्तुरीचं हसू कधीच गेलं होतं. ती कोपऱ्यातून एक रिकामा लांब पाईप उचलून घेऊन आली.

"चाचा, हा पान्याच्या दांडीवर घालून ओढला तर?"

मी ओरडलोच. "अजिबात नाही! माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शपथ घातली होती, पान्यात पाईप घालायचा नाही. असं करणारा मिस्त्री त्यांनी दारात उभा केला नसता."

"पण का?"

"का म्हणजे? नट तुटतो."

"का तुटतो?"

"जोर जास्त होतो म्हणून!"

"पाईपला कुठं दंड आहेत? जोर आला कुठून?"

आता आली का पंचाईत. हाताला माहीत होतं, तोंडाला सांगता येईना. मग मी तिला बागेच्या दाराशी नेलं. "कडीजवळ एक बोट लाव आणि ढकल." दार उघडलं. "आता बिजागरीजवळ बोट लाव." ती ढकलतेय, ढकलतेय, बोट वाकलं पण दार हलेना.

"दार तेच, बोट तेच," मी म्हटलं. "फक्त जागा बदलली. बिजागरीपासून जेवढं लांब जाशील, तेवढा तोच जोर जास्त फिरवतो. दुप्पट लांब, तर दुप्पट फिरवतो."

"म्हणजे तरफ (टेकूवर फिरणारा, जोर वाढवणारा दांडा)! आम्हाला शाळेत आहे. फिरवणाऱ्या जोराला आघूर्ण म्हणतात. जोर गुणिले लांबी." मग तिनं डोळे बारीक केले. "चाचा, उस्तादांनी ही शपथ पृथ्वीवर घातली होती ना? तिथं तुमच्या पायांना पकड किती होती?"

"पुरी."

"आणि इथं?"

"सहावा हिस्सा."

"मग पाना सहापट लांब केला तर?"

मी बोटांवर हिशोब केला. जोर सहावा हिस्सा, लांबी सहापट. गुणाकार केला तर तेवढाच! आपल्या मिरजेत वीतभर पाना कॉकला जेवढं पिळतो, तेवढंच इथं सहा वितींचा पिळणार. जास्त नाही, कमी नाही. उस्तादांचा नियम मोडतच नव्हता. त्यांना पाईपचं वावडं नव्हतं पोरांनो, जास्तीच्या जोराचं होतं. आणि मी नुसता पाईप धरून बसलो होतो डोक्यात.

तरी धोका होताच. कॉक तुटला असता तर टाकीचं सगळं कोमट पाणी फरशीवर, मग बागही गेली आणि त्याच टाकीतलं प्यायचं पाणीही. मी पाईपवर विती मोजल्या, सहावीला खडूनं रेघ मारली.

"रेघेच्या पुढं हात जायचा नाही," म्हटलं. "ढकल्या, तूसुद्धा लांब थांब. दोघांचा जोर मिळाला की हिशोब चुकला."

पाईप चढवला. सावकाश ओढला, झटका नाही. पाय जरासे सरकले. पुन्हा रोवले. पुन्हा ओढला.

कर्रर्र.

एवढासा आवाज. आणि मग फरशीखालून खळखळ, खळखळ. कस्तुरी तिच्या वाफ्याजवळ पालथी पडून मातीला गाल लावून ऐकत होती.

"गरम व्हायला लागली, चाचा!" ती म्हणाली. सूर्य बुडाला तेव्हा तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

वांगी झाली. मुठीएवढी, जांभळी. कूट भरून खाल्ली. ढकल्याला वास घेता येत नाही, तरी तो बाजूला उभा राहिला.

मी परत आलो. माझ्या गॅरेजात पान्यात पाईप घालायचा नाही हा नियम अजून आहे, पण आता कुणी "का?" विचारलं की मी ओरडत नाही, दाराशी नेतो. कस्तुरी मोठी झाली, मंगळावर बाग लावायला निघालीय. परवा तिचा निरोप आला, "चाचा, तिथली ओढ पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त आहे. पाईप किती विती घेऊ?" मी उत्तर अजून दिलेलं नाही. म्हटलं, आधी आमच्या पोरांना विचारतो.

तर घरी जाऊन डोकं खाजवा आणि उद्या मला सांगा. आणि ए, तू, शेवटी निघणाऱ्या, जाताना ते मागचं दार लावून जा. पण आधी बिजागरीजवळ एक बोट लावून ढकल. बघू, हलतंय का.