मागे धरलेला तुंबा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझा मामा वर्दुगु भारी चेष्टेखोर, पण ही गोष्ट सांगताना तो कधी हसला नाही.

सहारा वाळवंटातल्या बिल्माहून उंटांवर मीठ लादून त्यांचा तांडा अगादेमच्या विहिरीकडे निघाला होता. टळटळीत दुपार होती. वाट तीच... जिच्यावरून आमच्याच लोकांनी पूर्वी गुलाम हाकत नेले.

तांडा दिवसा थांबत नाही. बाजरीचं पीठ कालवलेल्या पाण्याचा तुंबा, म्हणजे पोकळ भोपळ्याचं भांडं, पुढून मागे येतो. आपल्या वाट्याचं प्यायचं, मागच्याला द्यायचा. शेवटच्याने संपवून पुढे पोहोचवायचा.

मामाच्या मागे नेहमी अदूम चालायचा. या खेपेला तो तापाने बिल्मातच राहिला होता. शेवटचा आता मामाच.

पण सवय ती सवय. थोडं पिऊन त्याने न बघताच तुंबा मागे धरला.

कुणीतरी तो घेतला...

घटाघट पिण्याचा आवाज आला. मग तुंबा परत हातात. रिकामा.

मामाने थांबून वळून पाहिलं.

नुसती वाळू.

"काय रे, उंटाचं शेपूट धरून झोपलास की काय?" तांड्याचा म्हातारा म्होरक्या तोगोई पुढून ओरडला.

मामाने धावत जाऊन सांगितलं. म्हातारा हसला नाही.

"माझा आजा याच वाटेने गुलाम न्यायचा. आधी उंट प्यायचे, मग आपली माणसं. गुलामांच्या रांगेत शेवटच्याच्या हाती नुसतं भांडं यायचं."

"मग मी काय करू?"

"दिलंस ना? आता विहीर येईपर्यंत देत राहा."

"आणि मी काय वाळू पिऊ?"

तोगोईने उंटाची दोरी ओढली.

मामा देत राहिला. दर वेळी बोटांना लागणारा हात वेगळा... एकदा तर लहान मुलाचा.

मग पाण्याची एक पखाल फुटली. तुंबा मामापर्यंत आला तेव्हा तळाशी एकच घोट उरला होता. जीभ सुजली होती. प्यायला नसता तर तो पडला असता, आणि पडलेल्यासाठी तांडा थांबत नाही.

मामाने घोट पिऊन टाकला.

तरी तुंबा मागे धरला. का, ते त्यालाही ठाऊक नाही.

मागून कुणाची तरी बोटं आत फिरली... तळ चाचपला...

मग तुंबा हळूच परत हातात आला.

मामा विहिरीपर्यंत पोहोचला. पुन्हा कधी तांड्याबरोबर गेला नाही.

"भीती वाटली का रे मामा?" मी एकदा विचारलं.

"नाही. काहीच वाटलं नाही."

मग तो आपल्या तळहाताकडे बघत म्हणाला,

"चिडला असता तर बरं झालं असतं रे. त्याने रिकामा तुंबा मुकाट्याने परत दिला. त्याला सवय होती."