सत्तावीस नंबरची जागा

मनोहरांकडे गेलेला माणूस पोलंड पाहिल्याशिवाय सुटत नसे. निशिकांतराव त्या शनिवारी गेले ते बायकोने, सविताताईंनी, नेलं म्हणून. दोघे मित्र पुण्याच्या एकाच कचेरीतून निवृत्त झालेले, आता दोघेही सिंगापूरला मुलांकडे, मनोहर आंग मो किओत, निशिकांतराव यिशुनमध्ये. कचेरीत खिडकीजवळची खुर्ची बत्तीस वर्षं मनोहरांकडे होती. निशिकांतरावांच्या पाठीशी फायलींचं कपाट होतं. ते हे कधी विसरले नव्हते.

टीव्हीवर मनोहरांच्या पोलंड सहलीचे फोटो सरकत होते. ज्यूंची जुनी प्रार्थनामंदिरं, सिनेगॉग. एकात आता वाचनालय, एकात फर्निचरचं दुकान. शेवटच्यात पोहण्याचा तलाव. युद्धात नाझींनी तिथली माणसं नेली, परत कुणी आलं नाही. जिथे बाकं होती तिथे आता निळं पाणी. मनोहर सांगत होते, शुक्रवारी सूर्य मावळला की प्रार्थना, पण दहा पुरुष जमल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली, बापाकडून मुलाकडे जाणारी. मग त्यांनी त्या तलावाबाहेरच्या जुन्या बाजारात मिळालेली पितळी पाटी दाखवली. बाकावरची. नंबर सत्तावीस.

"किती वाचन आहे हो मनोहररावांचं," सविताताई म्हणाल्या.

निघताना सगळे चपला शोधत होते. पाटी चपलांच्या कपाटावर, अगदी कडेला पडली होती. निशिकांतरावांनी आयुष्यात कचेरीची टाचणीही घरी आणली नव्हती. पाटी मात्र खिशात गेली.

घरी त्यांनी ती आपल्या वेताच्या खुर्चीच्या पाठीला दोन स्क्रूंनी बसवली. सविताताईंना सांगितलं, मुस्तफाच्या दुकानातून आणली.

शुक्रवारी सविताताई खाली भाजीला गेल्या होत्या. शेजारी लसूण तळला जात होता. निशिकांतराव खुर्चीत बसले, आणि खिडकीतला उजेड विझत गेला तसा लसणाचा वास हटला. क्लोरीनचा आला. त्यांच्या इमारतीला पोहण्याचा तलाव नव्हता.

मग मागे लाकूड करकरलं… कुणी बाकावर टेकावं तसं. पुन्हा करकरलं. खोलीत बाक नव्हतं. जुन्या सवयीने ते हजेरी मोजू लागले. नऊ. मग काहीच नाही. फक्त कुठेतरी पाणी हलत होतं, आणि नऊ जण थांबले होते.

उठायला हवं होतं. पण कचेरीत काय, घरात काय, निशिकांतरावांसाठी कोणी कधी खोळंबलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. आणि मस्टरवर नाव पुकारल्यावर म्हणावं तसं ते हळूच म्हणाले, "हजर."

मागे पुटपुट सुरू झाली.

सविताताई आल्या तेव्हा निशिकांतरावांचे केस ओले होते. त्यांना पोहता येत नसे.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवरची पाटी काढून ते आंग मो किओला मनोहरांकडे गेले. मनोहरांनी दाराबाहेरची लोखंडी जाळी उघडलीच नाही.

"हजर म्हणालास?"

"हो…"

"मी तसं कधीच म्हटलं नाही. तीन शुक्रवार थांबले होते ते… मग पाटी मुद्दाम कपाटावर ठेवली. माझी वस्तू तू सोडणार नाहीस, हे ठाऊक होतं मला."

निशिकांतरावांना अपमान झाल्यासारखं वाटलं. आपल्या चोरीतसुद्धा मनोहर पुढेच होता.

परतताना त्यांनी पाटी यिशुनच्या जलाशयात फेकली. पुढच्या शुक्रवारी ते मुद्दाम घराबाहेर राहिले, जलाशयाकाठच्या बाकावर बसून माशांना गळ टाकणारे पाहत. पूर्ण अंधारल्यावरच त्यांनी दाराची बेल वाजवली.

दार उघडून सविताताई बघतच राहिल्या.

"अहो… तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"दुपारी. का?"

"मघाशी चहा दिला तुम्हाला. खुर्चीत होतात. मी हाक मारली तर…" त्यांचा आवाज खाली आला, "तर 'हजर' म्हणालात."

आतून क्लोरीनचा वास येत होता. निशिकांतरावांना घाबरायला हवं होतं. पण आधी उसळला तो जुना, ओळखीचा जळफळाट. ते सविताताईंना बाजूला सारून आत गेले.

खुर्ची रिकामी होती. वेत ओला होता, चहाचा कप निम्मा झालेला. आणि खुर्चीच्या पाठीवर, आपल्या दोन स्क्रूंवर, सत्तावीस नंबर.