घुमणं शून्यावर

बोलून सांगितलं असतं, पण हल्ली लिहावं लागतंय. अक्षर वाईट आहे, चालवून घ्या.

त्या दुपारी मी फक्त पेटीचा आवाज माझ्या पसंतीचा करायला बसलो होतो. पेटी म्हणजे ती बिजलीवाली, कीबोर्ड. हार्मोनियमचा भाता हलवून हलवून खांदा गेला, म्हणून अशोका गार्डन वस्तीतल्या एका दुकानातून जुना कीबोर्ड आणला, भजनी मंडळात वाजवायला. पण कुठलीही पट्टी दाबा, आवाज घुमायचा. भजन म्हणायचं की विहिरीत ओरडायचं? मला कोरडा आवाज हवा होता. समोर बसून माणूस बोलतो, तसा.

मुलगा मिलिंद मंडीदीपला नोकरी करतो. घरी आला तेव्हा त्यानं दाखवलं. आत हॉल असतो, स्टेज असतं, खोली असते. जे निवडाल तेवढ्या जागेत बसून वाजवल्यासारखं ऐकू येतं. वर घुमण्याचा आकडा, तो चकती फिरवून कमीजास्त करायचा. "बाबा, शून्यावर नका नेऊ, बेजान वाटतं," म्हणाला. मला शिकवतो. मी चौथी नापास असेन, पण अर्धं आयुष्य कारखान्यात बॉयलरच्या ड्रमात शिरून वेल्डिंग केलंय. कुठली जागा किती घुमते ते माझ्या कानांना विचारा.

बायको नलिनी स्वयंपाकघरात होती. मी बोटातली अंगठी रिकाम्या कपावर दोनदा वाजवली की चहा हवा, हे तिला ठाऊक. वाजवली. "आणते हो," आतून आलं. मी चकतीला हात घातला.

हॉलवरून खोलीवर आणलं. बरं वाटलं. मग आकडा उतरवत गेलो. सूर जवळ आला, अगदी नाकासमोर आला. अजून थोडा. अजून थोडा. शून्यावर नेऊन सा दाबला आणि तो वाजला तिथंच मेला. मनासारखा. खुशीत मी खाकरलो. माझं खाकरणंही तिथंच मेलं.

मग लक्षात आलं, कूलर ऐकू येत नाही. समोर चालू दिसत होता, वाळा ओला दिसत होता, पण आवाज नाही, वारा नाही. वाळ्याचा वासही गेला होता. वास येत होता गंजाचा आणि जळलेल्या वेल्डिंग रॉडचा.

"नलू..." हाक मारली. शब्द ओठांबाहेर गेलाच नाही.

उठायला गेलो तर डोकं थडकलं. वर काही नव्हतं. छत तर पार वर दिसत होतं. हात पसरला, कोपर सरळ होईना. डोळ्यांना घरातली खोली, हाताला थंड लोखंड. गोल.

ड्रमाचा एक नियम असतो. आतला माणूस मधूनमधून दोन ठोके देतो, ठीक आहे म्हणून. तोंडाशी बसलेला दोन ठोक्यांनी जवाब देतो. आतला बाहेर येईस्तोवर तोंडाशी बसलेल्यानं उठायचं नाही. मी अंगठीनं दोन ठोके दिले.

जवाब आला. पण बाहेरून नाही... आतून. माझ्या गुडघ्यापासून.

"कोण आहे...?"

"राहू दे आकडा तिथंच..." अगदी कानाशी. "फार दिवसांनी कुणी आलंय..."

अंगठीचं बोट कुणीतरी धरलं. ओढू लागलं. दुसऱ्या हातानं मी चकती चाचपली आणि फिरवत सुटलो. आकडा चढला तसं लोखंड मागं सरकलं. बोट सुटलं. कूलर घरघरला. दारात नलिनी, हातात चहा.

"केव्हाची हाका मारतेय. बहिरे झालात का?"

बोटात अंगठी नव्हती. पांढरा वळ तेवढा होता.

सेल काढून कीबोर्ड कपाटात कोंबला. तरी आतून दोन ठोके येतात. मिलिंद म्हणतो, विकून टाका. कसा विकू? जवाब कोण देणार? जवाबाला उशीर झाला की कपाटाचं दार हलायला लागतं. तेव्हापासून मंडळ नाही, भाजीबाजार नाही, इंद्रपुरीच्या या खोलीतून पाऊल बाहेर नाही. त्या दिवशी गुडघ्यापासून जवाब आला तो बोटाच्या हाडाचा होता. आता ठोके माझ्या अंगठीचे येतात.

त्यानंतर नलिनीला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. मग तीनदा, चारदा. तिचेच कान गेले, असं मी म्हणत होतो.

काल चहाच्या वेळी मी इथंच बसलो होतो, दोन्ही हात मांडीवर. कपाटातून दोन ठोके आले.

"आणते हो, जरा दम धरा," नलिनी आतून म्हणाली.

कप घेऊन आली. माझ्या अंगावरून पुढं गेली. कपाटासमोर स्टूल ओढलं, त्यावर कप ठेवला, पदरानं स्टुलाची कड पुसली.

"साखर कमीच घातलीय," कपाटाकडे बघत म्हणाली, आणि हसली.

मी हाक मारली. हाक ओठांबाहेर गेलीच नाही.